मिठाच्या साबणाचं पहिलं पातेलं

मित्रांनो, मी एक जुनं पातेलं आहे. पण मला पातेलं म्हणावं की चाळणी, हे आता माझं मलाच कळेनासं झालं आहे. माझ्यात पाणी ओतलं तर ते बुडाच्या भोकांतून थेंबथेंब गळून जातं. तुम्ही हसाल. खुशाल हसा, मला राग येत नाही. हसून झालं की मात्र जरा इथे न्हाणीच्या भिंतीपाशी टेका आणि माझी हकिगत ऐका.

आमच्या बहादरपुरात, म्हणजे मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ, अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. त्या देशाशी माझा काडीचाही संबंध नाही. मला आठवतं ते सगळं बुऱ्हाणपूरच्या भांडीबाजारातलं. एका अरुंद दुकानात माझ्यासारखी लहानमोठी पातेली एकात एक बसवून छतापर्यंत रचून ठेवली होती. तिथून मला धुरपदाबाईच्या मामानं उचललं, ते तिच्या लग्नातल्या आहेरासाठी. दुकानदारानं मला मांडीवर आडवं घेतलं आणि छिन्नीनं ठोकत ठोकत माझ्या काठाखाली अक्षरं काढली: 'चि. धुरपदा हिस मामाकडून सप्रेम भेट.' प्रत्येक ठोका मला कळत होता. पण नाव कोरून झालं आणि मला एकदम मोठेपणा आला. बाजारातली बाकीची पातेली नुसती पातेली होती. मी धुरपदाचं पातेलं झालो होतो.

धुरपदाबाई सासरी आली तेव्हा तिचे हात मी जवळून पाहिले. नव्या नवरीचे हात, मेंदी भरलेले, नितळ. तिच्या सासऱ्यांच्या, भिकनबाबांच्या घरी तेव्हाही केळीच होती, आताही आहे. केळीचा चीक तुम्ही पाहिला आहे का? घड कापला, बुंध्याशेजारचा कोंब, म्हणजे पील काढलं, पान छाटलं, की पाण्यासारखा पातळ चीक गळतो. दिसायला अगदी साधा. पण कपड्यावर पडला तर तांबूस काळा डाग पडतो आणि कापड फाटेपर्यंत तो जात नाही. म्हणून आमच्याकडे मळ्यात जायचे कपडे वेगळे असतात, त्यांना चिकाचे कपडे म्हणतात. कपडे वेगळे ठेवता येतात. हात कुठून आणणार वेगळे? पहिलं वर्ष सरलं तेव्हा धुरपदाबाईच्या नखांच्या कडा काळ्या झाल्या होत्या. मग बोटांच्या पेरांवर रेघा उमटल्या, मग तळव्यावर. मला चुलीवर चढवणारा आणि उतरवणारा तो हात वर्षागणिक काळा होत गेला. मीही बाहेरून काजळीनं काळा होत गेलो. आमची जोडी छान जमली होती.

मित्रांनो, माझे ते दिवस वैभवाचे होते. मळ्यातल्या माणसांचा चहा माझ्यात व्हायचा, पाहुणे आले की वांग्याची भाजी माझ्यात व्हायची. पण माझं खरं राज्य उन्हाळ्यात असायचं. आमच्या भागात उन्हाळा म्हणजे बिबड्या. ज्वारीचं पीठ पापडखाराच्या उकळत्या पाण्यात शिजवून त्याचे हे एवढाले पापड थापतात आणि खाटेवर धोतर पसरून वाळवतात. ते पाणी उकळायचं, ते पीठ घाटायचं, ते माझ्यात. पापडखारानं मी आतून थोडा काळपटायचो, पण चिंचेनं घासलं की पुन्हा लख्ख. शेजारच्या गोदाबाई मला मागून न्यायच्या आणि परत करताना म्हणायच्या, "धुरपदाबाई, तुमच्या पातेल्याले यश आहे वं! एक बिबडी नाही फाटली." हे ऐकलं की मला दोन दिवस पुरायचं.

मग घरात स्टील आलं. कुकर आला, न चिकटणारे तवे आले. प्रतिभा सून होऊन आली, तिच्या माहेरच्या भांड्यांनी फळी भरली आणि मी खालच्या फळीवर उतरलो. पुढे धुरपदाबाईची नात वैशाली मोठी झाली. तिनं एके दिवशी फोनवर काहीतरी वाचलं आणि फर्मान काढलं, "मम्मी, इसमें खाना नहीं बनाना, तब्येतीला चांगलं नसतं." एवढ्यावरून मी स्वयंपाकघराबाहेर पडलो. काही दिवस न्हाणीतल्या पाण्याला, काही दिवस धुणं भिजवायला, शेवटी म्हशीची सरकी भिजवायला. कुणी मला टाकलं नाही, हे खरं. पण कुणी घासलंही नाही. धुरपदाबाई मात्र जाता-येता मला सरळ करून ठेवायची. उपडा पडलेला मी तिला आवडत नसे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. खरं तर यायला नको वाटतं.

वैशालीचं लग्न ठरलं. साखरपुडा आमच्याच अंगणात झाला. मी भिंतीपाशी होतो, मला सगळं दिसत होतं. धुरपदाबाई नवं लुगडं नेसून, हात घासघासून धुऊन नातीला कुंकू लावायला पुढे झाली. तेव्हा नवऱ्याकडची एक बाई पटकन म्हणाली, "आजी, पहिले हात धुऊन या ना!"

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तिला वाटलं, आजी चुलीपाशी होत्या.  धुरपदाबाईनं हात पदराखाली घेतला, ती मागे सरली आणि कुंकवाची वाटी प्रतिभाच्या हातात दिली. त्या रात्री जेवणं झाल्यावर ती सुनेला म्हणाली, "हयदीले मी हात नाही लावणार. दुरूनच आशीर्वाद देईन. पोरीच्या सासरच्याईसमोर शोभा नको."

"आत्याबाई, असं काय बोलता?" प्रतिभा म्हणाली. "तुमची एकुलती एक नात आहे."

"म्हणूनच म्हनते ना."

वैशाली तिथेच उभी होती. आजीचा हात पदराखालून ओढून काढत ती म्हणाली, "हळद तूच लावायची. नाहीतर मी बसणारच नाही पाटावर. बस्स, फायनल." आजी हसली, पण हात पुन्हा पदराखाली गेला. मला फार वाईट वाटलं. तो हात मला कधी घाण वाटला नव्हता.

प्रतिभा बोलते कमी, पण एखादी गोष्ट मनात धरली की सोडत नाही. तिनं लिंबू आणलं, बेसन आणलं, बाजारातले दोन-तीन साबण आणले. कशानंच काही होईना. मग एक दिवस फोनवर तिला एक बाई दिसली. ती बाई हिंदीतून घरी मिठाचा साबण करायला शिकवत होती. खोबरेल तेल, त्यात कास्टिक सोड्याचं पाणी, आणि ते घट्ट होऊ लागलं की त्यात वाटीवाटीनं मीठ. वडी दगडासारखी कडक होते, फेस दुधावरच्या सायीसारखा येतो आणि हातावरची मेलेली कातडी, जुने डाग, सगळं निघून जातं, असं ती सांगत होती. प्रतिभानं तो व्हिडिओ इतक्यांदा लावला की मलाही पाठ झाला. तेल आलं, मिठाच्या पिशव्या आल्या. गोदाबाई शेव विकतात, त्यांच्याकडून वजनाचा काटा आला. समाधान, म्हणजे धुरपदाबाईचा मुलगा, हार्डवेअरच्या दुकानातून सोडा घेऊन आला. पांढऱ्याशुभ्र पापुद्र्यांची पुडी. आणून देताना म्हणाला, "संभालके हां. नाली साफ करायला नेतात लोक हे."

घट बसायच्या आधीची दुपार होती. प्रतिभानं अंगणात मांडामांड केली आणि फळीवरचं स्टीलचं पातेलं काढलं. धुरपदाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं.

"आवं, ते कशाले? त्यात वरन शिजवतो आपन."

"फोनवाली बाई स्टीलचंच घ्या म्हणते."

"ते फोनवाली काय आपल्या घरी जेवाले येनार आहे? नालीत टाकाचं औषद ते. खाण्याच्या भांड्याले कशाले बाटवतं?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "ते घे ना जुनं. आता कोन त्यात खाते?"

प्रतिभा घुटमळली. "जर्मनला चालंल का पण?"

"काहून नाही चालनार? सारी हयाती त्यात पापडखार उकयला. खारच तो, अन् हाही खारच. काय झालं त्याले? चांगलं ठणठणीत आहे."

मित्रांनो, तिचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? तिनं जे आयुष्यभर पाहिलं होतं त्यावरूनच ती बोलत होती. आणि खोटं कशाला सांगू, मला तर आनंद झाला! कितीतरी वर्षांनी माझं नाव घरात निघालं होतं. प्रतिभानं मला राखेनं घासलं, चिंच लावली, स्वच्छ पाण्यानं विसळून उन्हात ठेवलं. कोरलेली अक्षरं चमकली. धुरपदाबाईच्या हातांसाठी साबण होणार आणि तो माझ्यात होणार, याहून मोठं काय हवं होतं मला? त्या उन्हात मी नुसता झळकत होतो.

प्रतिभानं पाणी मोजून माझ्यात ओतलं. नाकाला ओढणी बांधली आणि लाकडी उलथन्यानं ढवळत सोडा त्यात सोडायला लागली.

पहिला घास पोटात गेला आणि मला कळलं.

पापडखारानं मी कधी कुरकुरलो नव्हतो. हे वेगळंच होतं. पाणी आगीशिवाय तापलं आणि माझ्या आतल्या भिंतीवर हजार सुया एकदम टोचल्यासारखं झालं. बारीक बारीक बुडबुडे सुटले. ते पाण्यातून निघत नव्हते, माझ्या अंगातून निघत होते. मी विरघळत होतो. मला ओरडायचं होतं, 'प्रतिभा, मागे हो! ओतून टाक मला! मला हे झेपणार नाही!' पण भांड्याला जेवढा आवाज असतो तेवढाच माझ्याकडे होता, आणि तोही कुणीतरी वाजवल्याशिवाय निघत नाही. मी सळसळत राहिलो.

"उकळू लागलं बघा आत्याबाई!" प्रतिभा म्हणाली. तिला वाटलं, असंच होत असेल.

"व्हते तसं. खार टाकला की फसफसतेच," धुरपदाबाई ओट्यावरून म्हणाली.

प्रतिभानं उरलेला सोडा टाकला. फेस काळा झाला. काळाकुट्ट फेस, आतून वर चढणारा, आणि त्याच्याबरोबर घसा धरणारी वाफ. मी तो फेस पोटात धरून ठेवायचा जिवापाड प्रयत्न केला. आयुष्यात कधी मी दूध उतू जाऊ दिलं असेल, पण ते बाईचं लक्ष नव्हतं म्हणून. या वेळी सगळ्यांचं लक्ष माझ्यावर होतं आणि तरीही तो फेस काठावर आला. प्रतिभा माझ्यावर वाकली होती. खोकत होती, डोळे चोळत होती, पण पाय जागचे हलत नव्हते. तिला काही सुचेना.

धुरपदाबाईला सुचलं. तुरीचं सूप फेकून ती धावत आली. एका खांद्यानं तिनं सुनेला मागे लोटलं आणि तेच केलं जे ती आयुष्यभर करत आली होती. उतू जाणाऱ्या मला दोन्ही हातांनी काठाला धरून बाजूला ओढलं.

मी हिंदकळलो. तो काळा फेस तिच्या हातांवर सांडला.

मित्रांनो, याच्यापुढचं मला नीट सांगता येत नाही. ती ओरडली नाही, एवढं मला आठवतं. तिनं मला खाली ठेवलं, आपटलं नाही, आणि मग हात लांब धरून ती खाली बसली. "माय वं, माय वं," एवढंच म्हणत राहिली. प्रतिभानं किंकाळी फोडली. गोदाबाई धावत आल्या, त्यांच्या मुठीत हळद होती. "लाव, लाव, पयले हयद लाव!"

"कुछ मत लगाओ! पहले पानी!" वैशाली घरातून ओरडत आली. मोटर सुरू करून तिनं नळी आजीच्या हातांवर धरली आणि सोडलीच नाही. गोदाबाई म्हणत होत्या, पुरे झालं. समाधान गाडी काढून दारात हॉर्न वाजवत होता. पण वैशाली पाणी ओतत राहिली आणि रडत राहिली. नंतर बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, की त्या पाण्यानं हात वाचले.

ते सगळे गेल्यावर अंगणात मी एकटा होतो. माझ्या पोटात ते पाणी अजून उकळतच होतं. मला खात होतं. कुणीतरी मला पालथं करावं असं मला वाटत होतं आणि कुणी करू नये असंही वाटत होतं. संध्याकाळी समाधान परतला, लांबून बांबूनं मला ढकलून कलंडवलं आणि बराच वेळ माझ्यावर पाणी मारलं. तेव्हा पाणी माझ्या बुडातून खाली गळू लागलं. काठाखालची अक्षरंही फेसानं खाल्ली होती. 'मामाकडून सप्रेम भेट' पुसून गेलं होतं. 'धुरपदा' तेवढं अर्धंमुर्धं वाचता येत होतं.

"मोडीत घालतो हे," समाधान म्हणाला.

पुढचे दिवस वाईट गेले. धुरपदाबाईचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत होते. प्रतिभा तिला घास भरवायची, वेणी घालायची, आणि मग न्हाणीत येऊन नळ सोडून रडायची. नळाच्या आवाजात घरात कुणाला ऐकू जात नसे. मला जात असे. मी तिच्या हातभर अंतरावर होतो. तिला सांगावंसं वाटायचं, की बाई, तू काही वाईट मनानं केलं नाहीस. पण मी काय सांगणार? जे माझ्यामुळे झालं तेही मला थांबवता आलं नाही, आणि जे झाल्यावर करायला हवं तेही येत नाही. असलं आयुष्य कुणाला मिळू नये.

तेलाचा डबा आणि मिठाच्या पिशव्या माळ्यावर गेल्या. साबणाचं नाव घरात कुणी काढेना. हळदीचं तर नाहीच.

धुरपदाबाईच्या डाव्या हाताची पट्टी आधी सुटली. दिवाळीच्या आधी, वसुबारसेच्या सुमाराला ती एका सकाळी उठली आणि देवघराच्या कोनाड्यातून एक पातेलं घेऊन अंगणात आली. स्टीलचं, जाड बुडाचं. त्यात ती फक्त प्रसादाचा शिरा करायची. सुनेसमोर तिनं ते ठेवलं.

"घे. याच्यात कर."

प्रतिभा दोन पावलं मागे गेली. "नाही आत्याबाई. मला नाही करायचा तो साबण. हात जोडते तुम्हाला."

"कराचाच आहे. तुले म्या चुकीचं भांडं देल्लं. तू स्टीलचं म्हनत व्हती, मी नाही ऐकलं. आता माह्या समोर कर, नीट. नाहीतर तू जलमभर खाराले हात नाही लावनार, अन् बिबड्या कोन करीन मग?"

"पण हे तर प्रसादाचं..."

"देवाले मी सांगितलं. तो काही नाही म्हनत."

त्या दिवशी मित्रांनो, मी पहिल्यांदा पाहिलं की हे काम कसं करायचं असतं. प्रतिभानं रबराचे हातमोजे घातले, डोळ्यांवर समाधानचा फवारणीचा चष्मा लावला. धुरपदाबाईला तिनं लांब ओट्यावर बसवलं आणि तिथून हलायचं नाही अशी शपथ घातली. स्टीलच्या पातेल्यात पाणी, पाण्यात समाधाननं पुन्हा आणलेला सोडा, थोडा थोडा. मी श्वास रोखला, म्हणजे भांडी रोखतात तसा. काहीच झालं नाही. पाणी गढूळ झालं, तापलं, आणि थोड्या वेळानं निवळून स्वच्छ झालं. ते पातेलं नुसतं उभं होतं, शांत. मला त्याचा हेवा वाटला, हे लपवत नाही.

ते पाणी निवल्यावर तिनं तेलात ओतलं आणि वैशालीनं मिक्सरची रवी फिरवली. बघता बघता ते ताज्या दह्यासारखं दाटलं. वैशालीनं मिठाचा वाडगा आईच्या हातात द्यायला उचलला तशी ओट्यावरून हाक आली, "हातात नको देऊ वं, खाली ठेव. भांडन व्हते घरात."

"आजी, इस टाइम पर भी?"

"मीठ आहे ना ते? मग ठेव खाली."

वाडगा खाली ठेवला गेला, प्रतिभानं तो खालून उचलला आणि मीठ पडलं. तेलाच्या प्लास्टिकच्या डब्याचं तोंड कापून साचा केला होता, त्यात सगळं ओतलं. फोनवालीनं बजावलं होतं की मिठाचा साबण फार लवकर आवळतो, कोमट आहे तोवर कापायचा. पण स्वयंपाक राहिला होता. दोघी मायलेकी आत गेल्या, भाकरी झाल्या, आणि परत येऊन सुरी लावली तर साबण खडीसारखा फुटला. निम्म्याचा चुरा झाला. वैशालीनं कपाळावर हात मारला. उरलेल्या ओबडधोबड वड्या निघाल्या, एकही दुसरीसारखी नाही. त्या महिनाभर फळीवर वाळत होत्या आणि प्रतिभा रोज सकाळी दारात रांगोळी घालायच्या आधी त्यांच्याकडे बघून यायची.

मार्गशीर्षात हळदीचा दिवस आला. अंगणात मांडव, पाट, पाहुण्यांची गर्दी. साखरपुड्यातली ती नवऱ्याकडची बाईही आली होती, हळद घेऊन. वैशाली पाटावर बसली आणि तिनं हाक मारली, "आजी!"

धुरपदाबाई तेव्हा माझ्याजवळ होती, न्हाणीत. उजव्या हाताची पट्टी सुटून बरेच दिवस झाले होते. ती मिठाच्या साबणाची वडी घेऊन हात धूत होती. मी एवढा फेस आजवर पाहिला नव्हता, खरोखर सायीसारखा. ती घासत होती, पाणी ओतत होती, पुन्हा घासत होती. काळं पाणी गेलं, मग करडं गेलं, मग स्वच्छ पाणी जायला लागलं. तिनं हात उजेडात धरले.

रेघा तिथेच होत्या. नखांच्या कडा, पेरं, तळवा, थोडं फिकट, पण तिथेच. आयुष्यभराचा चीक एका वडीनं कसा जावा? फक्त उजव्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, जिथे माझा फेस सांडला होता, तिथे नवी कातडी आली होती. गुलाबी. नव्या नवरीच्या हातासारखी. तिच्या अख्ख्या हातावर स्वच्छ अशी तेवढीच जागा होती.

प्रतिभा तिला शोधत आली. तिनं ते हात पाहिले आणि तिचा चेहरा पडला. "आत्याबाई, नाहीच निघालं ना?"

धुरपदाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या तळव्याकडे, आणि ती चक्क हसली. "साबनानं नाही निघालं. या मेल्यानंच धुतला पहाय माहा हात, तेवढा."

प्रतिभाला हसावं की रडावं कळेना. मला कळलं, पण मला दोन्ही येत नाही.

"चाल," धुरपदाबाई म्हणाली. "हात काया तर काया. पोरगी किती वेळ बसून राहीन?"

मांडवात गेल्यावर तिनं हात पदराखालून काढले. दोन्ही, उघडे, सगळ्यांदेखत. हळदीत बुडवले आणि नातीच्या गालांना लावले. हळद लागल्यावर काळा कुठला आणि गुलाबी कुठला हे मला इथून दिसेना. नवऱ्याकडची ती बाई पुढे झाली तेव्हा मी घाबरलो. पण तिनं हळदीचं ताट धुरपदाबाईपुढे धरलं आणि म्हणाली, "आजी, मलाही लावा ना जरा."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. समाधान अजून मधूनमधून म्हणतो, मोडीत घालतो, आणि धुरपदाबाई म्हणते, राहू दे. मी न्हाणीच्या भिंतीपाशी असतो. माझ्यात साबणाच्या त्या ओबडधोबड वड्या ठेवतात, म्हणजे पाणी माझ्या भोकांतून निथळून जातं आणि वड्या विरघळत नाहीत. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. जुनं भांडं असो, जनावर असो, माणूस असो, ते आजवर सगळं सोसत आलं म्हणून पुढचंही सोसेल असं धरून चालू नका. त्याला बोलता येत नाही. तुम्हाला तर विचारता येतं. आणि कुणी सांगत असेल, की हे नको, दुसरं भांडं घ्या, तर ती घरातली सगळ्यात धाकटी सून असली तरी तिचं ऐका.

वैशाली सासरी गेली. धुरपदाबाई पुन्हा मळ्यात जायला लागली आहे, कारण केळी कुणाच्या हातासाठी थांबत नाहीत. परवा संध्याकाळी ती कामावरून आली, माझ्यातली वडी उचलली आणि बराच वेळ तो उजवा तळवा घासत बसली. ती गुलाबी जागाही आता काळवंडायला लागली आहे. तिनं तळवा दिव्याकडे धरला, माझ्याकडे वळून पाहिलं, आणि वडी पुन्हा माझ्यात ठेवली. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की धुरपदाबाई, तो काळा हातच माझ्या ओळखीचा आहे, त्यानंच मला चुलीवरून उतरवलं. पण मला कोण विचारतं?